दांडाचा टूटू

रोहा, ६ जानेवारी २०१९

मैना,

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. चिरंजीव लिहिलं तर तू म्हणशील, आली मोठी थोरली बहीण. सौभाग्यवती लिहायला जावं, तर महिपतीराव आहेत का नाहीत तेसुद्धा मला ठाऊक नाही, आणि कुणाला विचारायची सोय मी ठेवलेली नाही. बेचाळीस वर्षांत सख्ख्या बहिणीचा मायनाच हरवला बघ.

दोनदा फोन केला. आपल्या गडबच्या दुकानदाराला गोड बोलून तुझा नंबर काढला होता. दोन्ही वेळा "मी चंद्री बोलतेय" म्हटलं आणि तू ठेवून दिलास. म्हणून पत्र. पत्र मधेच तोडता येत नाही, फार तर चुलीत घालता येतं. घालायचं तर वाचून घाल.

मला घर नको, मिठागरातला वाटा नको, ते आधीच सांगते. आयच्या दांडाच्या लुगड्याचा तांबडा अर्धा माझ्याकडे आहे, हिरवा तुझ्याकडे. तो हिरवा मला महिनाभरासाठी पाहिजे. कामासाठी, दुसरं काही नाही. काम झालं की इस्त्री करून परत पाठवीन.

काम असं. इथे एक मॅडम आहेत, त्यांचा नवरा धाटावला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्या मुलींना बॅले शिकवतात, म्हणजे पायाच्या अंगठ्यावर उभं राहून करायचा परदेशी नाच. त्यात मुली टूटू घालतात. टूटू म्हणजे जाळीचा आखूड झगा, कमरेपासून ताटासारखा आडवा उभा राहणारा. आमची पुतळी त्याला मच्छरदाणीचा परकर म्हणते. पुतळी माझ्याकडे शिलाईला असते, दोन लेकरांची आई आहे, पण तोंडाला लगाम नाही. तर असले बारा टूटू मला शिवायचेत. दहा फेब्रुवारीला पेणला कार्यक्रम आहे.

मॅडमच्या डोक्यात आलंय की यंदाचे टूटू मोठ्या लढाईच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बायकांच्या कपड्यांवरून करायचे. मोबाइलवर फोटो दाखवले. गोऱ्या बायका, खांदे चौकोनी, कमरेला पट्टा आवळलेला, डोक्याला रुमाल आणि पुढे गाठ. कापड मोजून मिळायचं म्हणून झगे आखूड झाले. पायमोजे मिळेनात म्हणून त्या उघड्या पोटरीवर पेन्सिलीनं शिवणीची रेघ ओढायच्या, मोजा घातलाय असं दिसायला. हवाई छत्रीच्या कापडाचे लग्नाचे झगे शिवायच्या. मी सगळं बघून घेतलं आणि म्हटलं, मॅडम, लढाई तिकडे होती, पण कापड आमच्या पेणमधूनसुद्धा गेलं होतं. आमच्या आयचीही तेव्हाची फॅशन होती. दांडाचं लुगडं.

मग दांड म्हणजे काय ते सांगण्यात माझा चहा गार झाला. लुगडं मधेच विरतं. तशी दोन विरलेली लुगडी घ्यायची, दोन्हींचा धड राहिलेला भाग काढायचा, आणि दोन अर्ध्यांचं एक शिवायचं. मधे जी शिवण पडते तो दांड. ती शिवण घालणं म्हणजे दांड भरणं. कंट्रोलच्या दुकानात दिवस दिवस उभं राहून लुगडं मिळेना, तेव्हा आयनं तिचं लग्नातलं हिरवं आणि आजीचं तांबडं घेऊन असा दांड भरला होता. मॅडम ऐकता ऐकता खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, हेच करायचं, मला ते लुगडं दाखवा.

मी हो म्हणून बसले. तेव्हा पाठव. पत्ता मागे लिहिलाय.

चंद्रावती


रोहा, १९ जानेवारी

मैना,

तेरा दिवस झाले. तू मिठाची गुळणी धरून बसलीस. आपल्या घरात मिठाला तोटा नव्हता हे खरं, पण सगळं तूच तोंडात साठवलंस असं वाटलं नव्हतं.

मॅडम रोज विचारतात. मी रोज सांगते, बहिणीनं पोस्टात टाकलंय, येईल आज-उद्या. या वयात मला खोटं बोलायला लावतेस.

नमुन्याचा एक टूटू केला. एका बाजूला तांबडी जाळी, एका बाजूला हिरवी, आणि समोर मधोमध दांड, उघडा. शिंप्याच्या घरात मी चाळीस वर्षं काढली, तिथे शिवण लपवायची हाच धर्म. माझ्या मुलाचे, गोविंदाचे बाबा असते तर म्हणाले असते, चंद्रावती, उलटी बाजू बाहेर आली तुझी. पण आयचा दांड दिसायचा. तांबड्या काठात हिरवा दोरा घालायची आणि हिरव्या काठात तांबडा. "जोडलंय तं दिसू दे. चोरून आनलंय का?" असं म्हणायची. तुला आठवत असणार.

घेर गुडघ्याच्या वर ठेवलाय, मिठागरात उतरताना आपल्या बायका लुगडं खोचतात तेवढा. डोक्याला मॅडमच्या गोऱ्या बायकांचा रुमाल होता, तो मी काढला आणि चुंबळ ठेवली, पाटी घ्यायची असते तशी फडक्याची. मॅडम तिच्यावर सोनेरी रंग मारायला निघाल्या, पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून मुद्दाम आणलेला. मी हात धरला. चुंबळीला कुणी सोनं लावतं का? आणि एक गंमत सांगते. बारा टूटूंना जाळी लागली ऐंशी मीटर. तेव्हा कापड नव्हतं हे दाखवायला ऐंशी मीटर! आय हसून हसून लोळली असती.

आय म्हटलं की तू मान फिरवणार, मला इथून दिसतंय. फिरव. पण माझी बाजू कुणी कधी ऐकली नाही, तेवढी ऐक.

मी गोविंदाच्या बाबांबरोबर निघून आले तेव्हा गावकीनं दंड लावला. शिंप्याबरोबर गेली, दंड भरल्याशिवाय उंबरा चढायचा नाही. ठीक आहे, गावकी ती गावकी, तिचं मला काही लागलं नाही. मला लागलं ते आयचं. आठव्या दिवशी आपला गाडीवान नाथा मिठाची गाडी घेऊन रोह्याला आला आणि आयनं दिलंय म्हणून एक गाठोडं माझ्या हातात ठेवून उलट पावली गेला. वरूनच बघितलं. लुगड्याचा तांबडा अर्धा. मला आजीच्या गोष्टी ठाऊक होत्या, जुन्या लोकांत काडीमोड व्हायची तेव्हा पदर फाडून दोघांना एकेक तुकडा द्यायचे. आयनं ती पोटच्या पोरीशी केली. आणि मागून तिच्या हातचं कार्ड आलं. दंड भर, मग ये. एवढंच. मी गाठोडं न सोडता ट्रंकेच्या तळाला टाकलं आणि धावीर महाराजाच्या देवळात जाऊन शपथ घेतली की दंडही भरणार नाही आणि येणारही नाही. दोन्ही पाळलं.

तू म्हणशील, आय मेली तेव्हा तरी. तेव्हा तुझाच निरोप आला होता, त्याच नाथाच्या तोंडी. "वीस वर्सं आय तुजी वाट बगत व्हती. आता मेल्यावर येव नको." तू नको म्हणालीस, मैना. मी नाही.

हिरवा अर्धा पाठव.

चंद्रावती


रोहा, २७ जानेवारी

मैना,

मॅडमचं निमित्त होतं. आता खरं लिहिते.

माझा उजवा डोळा गेला. काचबिंदू आहे. दोन वर्षं मी चष्म्याला नावं ठेवत बसले, आणि डॉक्टरकडे गेले तेव्हा उजव्यात काही राहिलं नव्हतं. डाव्याचं ऑपरेशन एकवीस फेब्रुवारीला पनवेलला ठरलंय. मी डॉक्टरला सरळ विचारलं, नंतर सुईत दोरा ओवता येईल का. तो चांगला माणूस आहे, खोटं बोलला नाही. म्हणाला, आजी, आहे तेवढं राहिलं तरी मी देवाचे आभार मानीन.

गोविंदाला अर्धंच सांगितलंय. त्याच्या शिफ्टा चालू आहेत, उगाच घोर नको. दोरा पुतळी ओवून देते. जाळी पांढरी असती तर शिवताच आली नसती, डोळ्यापुढे नुसता धूर होतो. रंगाची आहे म्हणून निभावतंय. नमुन्याचा दांड वाकडा गेला होता. मॅडम म्हणाल्या, किती छान, हाताचं काम वाटतं. अख्ख्या रोह्यात माझी शिवण सरळ म्हणून लोक यायचे गो.

तर मला काय पाहिजे ते ऐक. डोळा आहे तोवर मला ते दोन अर्धे शेजारी ठेवून एकदा दांड भरायचाय. आयनं तोडलं, मी तोडलेलं धरून बसले, तूही बसलीस. सुंभ जळला तरी पीळ जाईना, अशा तिघी बायका. त्यातली एक गेली. मला नजर असेपर्यंत ते अख्खं बघायचंय, बाकी काही नाही. दोन दिवस. तुझ्या घरी नको बोलवूस, पेणच्या स्टँडवर आणून दे, मी बाकावर बसून शिवीन आणि तुझं तुला देईन.

आणि लुगडं द्यायचं नसेल तर एवढं तरी कळव. तो हिरवा कसला होता? पोपटी का गर्द? मला तांबडा आठवतो, दांड आठवतो, आयचे हात आठवतात. हिरवा आठवत नाही. काल दिवसभर जाळीचे तुकडे उजेडात धरत होते, एकाही तुकड्याला मन हो म्हणेना.

चंद्री


रोहा, ५ फेब्रुवारी

मैने,

अक्षर लागलं नाही तर कुणाकडून वाचून घे, पण वाच. आज काय झालं ते सांगते.

तुझं उत्तर नाही, लुगडं नाही. सकाळी मॅडम आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, हिरवं येणार नसेल तर तांबड्यातला थोडा थोडा तुकडा प्रत्येक मुलीच्या पोलक्याला लावू का? मला तुझा राग आला होता. आयचा तर होताच. म्हटलं, लावा, त्या चिंधीचं मला तरी काय करायचंय. आणि ट्रंक उपसून ते गाठोडं काढलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याची गाठ सोडली. टेबलावर घडीसकट ठेवलं आणि कात्री चालवली.

वीतभर कापलं गेलं. मग कात्री अडकली.

घडी उलगडली तर आत सुई. गंजून तांबडी झालेली, लुगड्याच्या काठात आडवी टोचून ठेवलेली. आणि तिच्यात दोरा ओवलेला, हातभर लांब, सुईभोवती आठाच्या आकड्यात गुंडाळून. दोरा हिरवा. तांबड्या काठात हिरवा दोरा, मैना.

मग मी काठ डोळ्याशी नेला, बोटानं चाचपला. तो फाटलेला नाही. ओळीनं बारीक भोकं आहेत, जुन्या टाक्यांची, एकही दोरा तुटून अडकलेला नाही. आयनं फाडलं नव्हतं, उसवलं होतं. फाडायला एक झटका पुरतो. तो दांड टाका टाका उसवायला तिचे दोन दिवस गेले असतील. रागावलेली बाई दोन दिवस उसवत बसत नाही. हे मी शिंपीण असून मला कळू नये? गाठोडं सोडलं असतं तर कळलं असतं. सोडलंच नाही.

मग कार्ड काढलं. ते मी टाकलं नव्हतं, राग ताजा ठेवायला जपलं होतं. त्यावर काय लिहिलंय ते तुला जसंच्या तसं उतरवून देते:

चदर दड भरन घ मग य वट बघत

बस. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, डोक्यावर टिंब नाही. कारण आयला अक्षरं कोण शिकवत होतं? मी. दुपारी ओटीवर तांदळाचं पीठ पसरून त्यात तिचं बोट धरून. क पासून ज्ञ पर्यंत झालं होतं. ती म्हणाली, आता पुढचं सांग. मी म्हटलं, काना-मात्रा दिवाळीनंतर. आणि दिवाळीच्या आधी मी पळून आले.

तिच्याकडे जेवढी अक्षरं होती तेवढ्यांत तिनं लिहिलं. काना-मात्रा मी घातल्या. रागाच्या घातल्या. गावात तेव्हा दुसरा शब्दच नव्हता, दंड, दंड, दंड, म्हणून द ड दिसलं आणि मी दंड वाचलं. शेवटचं वट बघत तर रागात वाचलंच नाही. ती दांड म्हणत होती गो. चंद्रे, दांड भरून घे, मग ये, वाट बघते. लुगडं उसवून एक अर्धा तिनं मला पाठवला होता, एक स्वतःकडे ठेवला होता. माझ्या अर्ध्याला माझ्या घरचं नवं अर्धं जोडायचं आणि ते नेसून उंबरा चढायचा, गावकी गेली खड्ड्यात, असं म्हणत होती. आणि शिंप्याच्या घरी सुई पाठवली. शिंप्याच्या घरी कुणी सुई पाठवतं का? आयनं पाठवली, दोरा ओवून.

का मीच आता मला सोयीच्या मात्रा घालतेय? ते मला कोण सांगणार? तू घरात होतीस. तिनं दांड उसवला तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस, शेजारी बसली असशील. काय म्हणाली ती? एक शब्द कळव. शिव्या दे, पण कळव.

कापलेली वीत मी कुणाच्या पोलक्याला लावू दिली नाही. मॅडमना परत पाठवलं.

चंद्री


रोहा, १२ फेब्रुवारी

मैना,

परवा पेणला कार्यक्रम झाला. बारा मुली, बारा टूटू. पडदा वर गेला तेव्हा त्या मिठाच्या राशींसारख्या वाकून बसल्या होत्या आणि मग अंगठ्यांवर उभ्या राहिल्या. डोक्यावर चुंबळी, अर्ध्या तांबड्या, अर्ध्या हिरव्या, पुढे उघडा दांड. असं पुतळीनं मला सांगितलं. मला नुसते तांबडे-हिरवे ठिपके हलताना दिसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनं मला वर बोलावलं आणि माइकवरून सांगितलं, ही कल्पना या आजींच्या आईची. तिचं नाव जनीबाई असं मी माइकवर सांगितलं. आयचं नाव पेणमध्ये एवढ्या मोठ्यानं कधी कुणी घेतलं नसेल.

माझ्या शेजारची खुर्ची मी तुझ्यासाठी धरली होती. पास तुला पाठवला होता, मिळाला असेल. तीन जणांनी विचारलं, इथे कुणी आहे का. मी आहे म्हणून सांगितलं. शेवटपर्यंत पर्स ठेवून राखली.

आता मॅडमचं काम संपलं, माझं निमित्तही संपलं. आता एक राहिलेलं सांगते, मग तुला जे करायचं ते कर.

आय गेली त्या दिवशी मी आले होते. तुझा निरोप मिळाला आणि तरी आले. पेणला उतरून खारातून चालत बांधापर्यंत आले. पुढे पाय उचलेना. आपल्या मिठाची रास होती, झापानं झाकलेली, तिच्या मागे बसले. तिथून धूर दिसला. सगळे परत फिरेपर्यंत बसले होते. तू शेवटी गेलीस, पदर तोंडात धरून. माझ्यापासून दहा पावलांवरून गेलीस. मी हाक मारली नाही. मला वाटलं, आपण दंड भरलेला नाही. धूर मिटल्यावर मी मिठात हात घातला आणि तोंडात टाकलं, आणि परत आले. हे मी गोविंदाच्या बाबांनाही सांगितलं नव्हतं.

एक कार्ड नीट वाचलं असतं, तर वीस वर्षं आय मला भेटली असती. ती किती वर्षं वाट बघत होती, ते तूच मोजून सांगितलंस ना नाथाजवळ? मग एवढंही सांग. तिनं तिच्या हिरव्या अर्ध्याला दुसरं काही जोडून घेतलं, का तो तसाच ठेवला? जोडलं असेल तर बरं होईल. मला वाटेल, तिनं आशा सोडली होती, नेसून टाकलं. तसाच ठेवला असेल, तर मी काय करू ते मला कळत नाही.

नऊ दिवस राहिले. मला अंधाराची भीती नाही, शिवण हाताला पाठ आहे. पण न बघता जायला लागलं तर हा दंड मी कुठे भरू? मैना, मी तुझ्या पाया पडते. मोठी असून पडते. काही तरी लिही.

चंद्री


रोहा, २६ फेब्रुवारी

मैना,

हे पत्र पुतळी लिहितेय, मी सांगतेय. ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याला पट्टी आहे, इथला डॉक्टर रोज ती काढून बॅटरी मारतो. उजेड आला, गेला, एवढं कळतं. पुढचं तो महिन्यानं सांगणार आहे. दुखत नाही.

काल तुझं कार्ड आलं. पुतळीनं पुढून बघितलं, मागून बघितलं आणि म्हणाली, काकी, कुणा लहान पोरानं लिवलंय, काना नाय, मात्रा नाय, काय लागत नाय. तू सातवी पास, बाईंनी तुझी वही वर्गात फिरवली होती. मी म्हटलं, तू वाचू नको, एकेक अक्षर नुसतं म्हण. तिनं म्हटलं.

च द र. द ड भ र य ल य त. म न.

तीनदा म्हणायला लावलं. मग मी तिला वाचून दाखवलं. चंद्रे, दांड भरायला येते. मैना. पुतळी विचार करून म्हणाली, पण दंड भराय येते, असं पन व्हतंय ना? कसला दंड गो, काकी? मी म्हटलं, होतं. तसंही होतं.

तुझ्या मनात कुठला शब्द होता ते मी विचारणार नाही. तो निरोप तू पाठवलास, आणि त्याच्यावर तू इतकी वर्षं कशी झोपलीस तेही विचारणार नाही. मी मागे आयला मात्रा घातल्या त्या पुरे झाल्या. तुला घालणार नाही.

कार्डाच्या कोपऱ्यात तू दोरा टाचलास. पुतळीला विचारलं, रंग कसला. ती म्हणाली, हिरवा. म्हटलं, अगो, पोपटी का गर्द? तिनं खिडकीशी जाऊन बघितलं आणि म्हणाली, गर्द, चिखलातल्या शेवाळाचा. मग मला आठवला. पट्टीच्या आत लख्ख दिसला.

आणि पुतळीनं आणखी एक सांगितलं, तो दोरा नवा नाही, काठातून काढलेला आहे, सुटा, त्याला गाठ नाही. शिवलेल्या काठातून असा सुटा दोरा निघत नाही, म्हणजे आयनं हिरव्याला काही जोडलं नव्हतं. हे तू मला न लिहिता कळवलंस. मला वाटलं होतं, कळलं तर मी मरेन. मेले नाही. सकाळभर रडले, डॉक्टरनं डोळ्यात पाणी नको सांगितलंय तरी.

शनिवारी ये. पेणहून सकाळची रोह्याची गाडी धर, नागोठण्यानंतर सामान आवर, उतरायला घाई होते. गोविंदाची शिफ्ट दुपारची आहे, तो स्टेशनवर येईल. अंगानं त्याच्या बापासारखा आहे, पण चेहरा आयचा, तू ओळखशील. आयची सुई मी राखेनं घासून ठेवलीय, गंज गेला. कापलेली वीत परत लावून ठेवलीय, तिथे एक छोटा दांड झालाय, हसू नको. दोरा तू ओव. शिवणीची रेघ तू बघ, टाका मी घालीन, हात अजून सरळ चालतो.

आता शेवटची ओळ. पुतळी म्हणतेय चुकीचं लिहिणार नाही. मी म्हटलं, सांगते तसंच लिही, एकही काना घातलास तर खबरदार.

मन, य. वट बघत.

चदर